मुदतीत न बदललेला मंत्र

सुहासकाका कांबळे यांनी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आस्थापना शाखा सांभाळली, म्हणजे लोकांच्या रजा नाकारल्या. निवृत्तीनंतर हा छंद कुठे पुरवायचा, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांना आमचा खेळ सापडला.

दर रविवारी दुपारी मासे-भात जेवून आम्ही नाचणे गावात माझ्या घरी टेबलाभोवती बसतो. प्रत्येकाचं एक काल्पनिक पात्र असतं. फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट मी चालवते, निदान माझा तसा समज होता. काका आधी नुसते बघायला आले. तिसऱ्या रविवारी चिलखतवाला बुटका घेऊन खेळायला लागले आणि चौथ्या रविवारी नियमांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, लाल पेनाने रेघा मारलेलं. पुस्तक माझं होतं.

राजिवड्याचा अद्नान तीन वर्षं एकच जादूगार खेळवत होता. मंगळवारी तो नोकरीला दोह्याला निघणार, म्हणून हा त्याचा शेवटचा रविवार. जादूगार जिवंत ठेवून जायचं, एवढीच त्याची इच्छा. सुट्टीवर आला की पुन्हा तोच खेळवायचा होता.

आमच्या खेळात जादूगार एक पायरी वर चढला की त्याला एक जुना मंत्र सोडून नवा घेता येतो. मागच्या रविवारी अद्नान चढला, पण पाहुणे आले म्हणून घरून फोन आला आणि अदलाबदल राहून गेली. आज बसल्या बसल्या तो म्हणाला, "तेजल, दिवा लावायचा मंत्र काढ, पाण्याखाली श्वास घ्यायचा दे." गोष्ट बुडालेल्या जहाजापाशी येऊन थांबली होती, तेव्हा यात गैर काहीच नव्हतं.

काकांनी चष्मा चढवला. "बढती मागच्या रविवारी झाली. विकल्प त्याच दिवशी द्यायचा असतो. आता पुढच्या बढतीला."

"काका, अजून खेळ सुरू पण नाय झाला," अद्नान म्हणाला.

"मुदत ती मुदत."

निर्णय खरं तर माझा. पण काकांशी वाद घातला की रविवार गेला, असा शहाणा विचार करून मी गप्प बसले. त्याची आता लाज वाटते.

तासाभरात काकांचाच बुटका पाय घसरून चिलखतासकट तळाला गेला. अद्नानने मंत्र लिहिलेल्या आपल्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि जादूगाराला पाण्यात उतरवलं. बुटक्याला वर ढकललं, पण स्वतःसाठी श्वास उरला नाही. मी त्याला तीनदा फासे टाकायला लावले, तिन्ही वेळा वाईट पडले आणि जादूगार बुडाला. "चला, काका वाचले," म्हणत तो हसत घरी गेला. मला काही हसू आलं नाही.

गुरुवारी काका टाइप केलेला कागद घेऊन दारात उभे. शुद्धिपत्रक, जावक क्रमांक एक. पुस्तक त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं होतं. त्यात मुदत कुठेच नव्हती, ती त्यांनी कचेरीतून आणली होती. 'सबब श्री. अद्नान यांचा मंत्रबदल मागील तारखेपासून मंजूर.' चौतीस वर्षांत अशी मेहरबानी त्यांनी कुणावर केल्याचं ऐकिवात नाही.

मी फोटो काढून दोह्याला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "राहू द्या काका. मंत्र असता तर कुणीही उडी मारली असती."

काकांनी ते दोनदा वाचलं आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.