एकही हाड नसलेली पिशवी

बकरी ईदला घरात कच्च्या मटणाचा वास भरला की मला ती दुपार आठवते. अंबडची कंपनी बंद पडून अब्बूंची नोकरी गेली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे कुर्बानी नव्हती. बेल वाजली. दारात पूर्वी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या खाला होत्या, हातात पिशवी घेऊन. दरवर्षी कुर्बानीच्या मटणातल्या गरिबांच्या हिश्श्याची पिशवी मीच त्यांना द्यायचे, जाळीचं दार अर्धवट उघडून. "पोराला काम लागलं बेटा, यंदा आमचा पहिला बकरा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे झालीये कुर्बानी," मी खोटंच बोलले. तेवढ्यात अम्मी आली. तिने ओढणी डोक्यावर घेतली, दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि म्हणाली, "अल्लाह कबूल करो. बसा, चहा टाकते." "नको, अजून चार घरं राहिलीत. बघून भरलंय हां, एक हाड नाही घातलं," खाला हसून म्हणाल्या. आमच्या पिशव्यांत हाडंच जास्त असायची, आणि त्या मी भरायचे. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. आता अब्बूंना काम आहे, कुर्बानीही होते. चांगले तुकडे मी आधी गरिबांच्या हिश्श्याच्या पिशवीत भरते, बेल वाजली की दार पूर्ण उघडते. समोर खाला नसतात. त्या घर सोडून गेल्या, कुठे ते कुणालाच माहीत नाही.