अस्तराचे चार तुकडे

दिवाळीचा फराळ संपला की मला घराबाहेर काढायची तयारी सुरू व्हायची. मला दमा आहे. पावसाळाभर तो गप्प असतो आणि थंडी पडून ऊसतोड सुरू झाली की सकाळी माझ्याआधी उठून बसतो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "मार्चपर्यंत गाव बदला." माझी बहीण गगनबावड्याला राहते. नवऱ्याने तिला परस्पर फोनही करून टाकला.

मी नेहमीप्रमाणे यादी केली. श्वासाचे पंप दोन, स्वेटर, कानटोपी, आधार कार्डाची प्रत, अशा सतरा वस्तू झाल्या. चार महिने माझा शिवणक्लास बंद, माझं घर बंद, आणि धूर करणारे मात्र जागच्या जागी. अठराव्या ओळीवर मी लिहिलं, 'मीच का जायचं?' आणि पेन ठेवलं.

"अगं, तू इथं राहिलीस म्हणून हवा घाबरून सुधारणार आहे का?" नवरा म्हणाला.

"न सुधारू दे. कोण बिघडवतंय ते तरी कळू दे."

खरं तर ते आमच्या शिवाजी पेठेत सगळ्यांना माहीतच होतं. कागलच्या बाजूला उसाचे फड पेटवतात, कारखान्यांची धुराडी रात्रंदिवस चालतात, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते. मलाही तेच वाटत होतं. तक्रारीचं पत्र डोक्यात तयार होतं, फक्त पुरावा हवा होता. म्हणून क्लासमधल्या पांढऱ्या अस्तराचे सारखे चार तुकडे कापले आणि गच्चीच्या चार बाजूंना बांधले. सकाळ-संध्याकाळ ते बदलायचे, तारीख घालून वहीत चिकटवायचे, आणि मळकेपणाला शून्य ते तीन गुण द्यायचे.

पंधरा दिवसांत वही माझ्या पत्राच्या विरोधात बोलायला लागली. शेतांकडच्या बाजूच्या तुकड्यावर काजळी यायची, पण झटकली की बरीचशी पडायची. मागच्या बाजूचा तुकडा मात्र पिवळट, चिकट, आणि वासाने डोकं उठेल असा. तोही फक्त सकाळचा. रविवारी तर हमखास तीन गुण.

तिसऱ्या रविवारी मी नाकाला ओढणी बांधून वर गेले आणि कठड्यावरून खाली पाहिलं. आमच्याच घरामागच्या परड्यात आमचाच तांब्याचा बंब धडधडत होता. रविवारी सगळ्यांची डोक्यावरून अंघोळ, म्हणजे बंब दोनदा पेटतो. काळा धूर भिंतीला धरून थेट माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीत शिरत होता. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून चिमट्याने ढोसत होत्या. मी खाली धावले.

"आई, काय जाळताय?"

"काय म्हंजे? बंब पेटवतोय की."

"पण त्यात घातलंय काय?"

"तू ठेवलंयस तेच."

त्यांनी चिमट्याने पत्र्याच्या डब्याकडे दाखवलं. डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती, 'बंबासाठी'. आत दुधाच्या पिशव्या, धुऊन, वाळवून, चार घड्या घालून, रबर लावून गठ्ठे केलेल्या. त्यांच्याखाली क्लासमधल्या पॉलिएस्टरच्या चिंध्या, वेगळ्या बांधलेल्या. सगळी व्यवस्था माझी.

"एक पिशवी टाकली की भडाभडा पेटतंय," सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणालतीस, वाया कशाला घालवायचं."

मला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि पंप शोधावा लागला.

नवरा दारात उभा होता. "म्हणजे आता गगनबावडा नक्की."

"बंब जाईल गगनबावड्याला. मी नाही."

"माझ्या म्हायेरचा बंब हाय त्यो!" सासूबाई उठल्याच. "गॅसच्या पाण्यानं अंघोळ केल्यागत वाटत न्हाय मला."

मी डबा रिकामा केला, चिठ्ठी काढली. संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच बंबावर गोणपाट घातलं. "मार्चपर्यंत झाकून ऱ्हाऊ दे. पर गल्लीत आपला एकट्याचाच बंब हाय व्हय?"

हा प्रश्न मलाही पडला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वही घेऊन घरोघर गेलो. आधी आमचाच तुकडा दाखवायचा, मग बाकीचं बोलायचं, असं मी ठरवलं होतं.

"कारखान्याला जाऊन सांगा की!" कोपऱ्यावरची शेजारीण म्हणाली. "आमची एक पिशवी दिसली व्हय तुम्हास्नी?"

"त्यांनाही पत्र टाकलंय," मी म्हटलं. "तुम्हाला तोंडी सांगतेय, एवढाच फरक."

तिने दार लावलं. दोन घरांनी पिशव्या जाळणं थांबवलं. एकाने आमच्यासमोरच बंबात पिशवी घातली, मुद्दाम.

फड अजून पेटतात. पत्राला उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी नवीन पत्र टाकते, वहीतल्या पानांच्या प्रती जोडून. पंप अजून खिशात असतो. पण तो हिवाळा मी माझ्या घरात काढला, क्लास एक दिवसही बंद न ठेवता, आणि याही वर्षी काढतेय. ती सतरा वस्तूंची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे.

मागच्या बाजूचा तुकडा आता बहुतेक दिवशी एक गुणावर असतो. आज सकाळी मात्र दोन निघाला. मी वहीत लिहीपर्यंत सासूबाई गच्चीच्या कठड्याशी पोचल्यासुद्धा होत्या, आणि त्यांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"कोण पिशव्या जाळतंय रं? आमची सून कुठं जायाची न्हाय, सांगून ठेवतोय!"