जव्हारच्या टाकांच्या दुकानातले किस्से

आमच्या दुकानात देवांचे चांदीचे टाक बनतात, आणि किस्से त्याहून भराभर बनतात. टाक गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहतात. टाक घडवणारे माझे सासरे, अण्णा. मी लग्न होऊन आले आणि त्यांच्या हाताखाली शिकायला बसले.

*

माझा पहिला टाक देवीचा. मागून पत्रा ठोकून नाक उठवताना ठोका जोरात बसला आणि आरपार भोक पडलं. मला रडूच आलं.

अण्णा म्हणाले, "नथीची सोय केलीस होय?" आणि चांदीच्या तारेची इवलीशी नथ घातली.

बाजारच्या दिवशी तो टाक सगळ्यात आधी गेला. आता बायका येऊन विचारतात, "भोकवाली देवी हाय का?"

*

सूर्यमाळच्या एका बाबांनी वाघोबाचा टाक परत आणला. "ह्यो मांजरावाणी दिसतो."

अण्णांनी सुळे वाढवले, डोळे वटारले. पंधरा दिवसांनी बाबा पुन्हा हजर.

"आता पोरं दिवा लावाया जात नायत. थोडं मांजर परत घाला."

*

मोखाड्याच्या एका गुरुजींनी घरचा जुना खंडोबा हातात धरून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. "जसं दिसतंय तसंच हवं."

तसंच केलं. गुरुजी दुकानात येऊन भडकले, "तलवार डाव्या हातात कशी?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, सेल्फी कुणी काढला?"

*

पोशेऱ्याचे दोन भाऊ एक टाक घेऊन आले. झिजून पार गुळगुळीत. घरात लग्न, त्याआधी नवा हवा होता. पण देव कोणता यावरच दोघांची जुंपली. एक म्हणे हिरवा देव, दुसरा म्हणे नारनदेव. चुकीचा देव मांडवात कसा बसवायचा?

शेवटी दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आईला एसटीत बसवून आणलं. तिला दिसत नव्हतं. तिने टाकावरून अंगठा फिरवला.

"देव कुठला? ह्यो तुमचा आजा. माझा सासरा."

अण्णांनी विचारलं, "आजी, चेहरा कसा काढू?"

म्हातारीने टाक पुन्हा चाचपला. मग म्हणाली, "मिशी मोठी काढ. तोंड दिसाया नको, लई चालायचं त्याचं."

अण्णांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून टाक उजळायचं रिठ्याचं पाणी ढवळत राहिले.