साक्षीचा तुकडा

गाठ परत येणार का, हे आता गाठीलाच विचारता येतं. मूत्राशयातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर केसाहून पातळ कापायचा, काचपट्टीवर घेऊन औषध सोडायचं. एक ठरावीक प्रथिन त्यात भरलेलं असलं की तुकडा तपकिरी होतो. तपकिरी म्हणजे लक्षण वाईट.

हे कापायचं काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या. प्रत्येक पट्टीवर रोग्याच्या तुकड्याशेजारी दुसरा एक लागतो, हमखास रंगणारा. तो रंगला तर औषध चाललं म्हणायचं. त्याला सगळे ‘साक्षीदार’ म्हणत. या प्रयोगशाळेतला साक्षीदार म्हणजे बाईंचा नवरा. म्हणजे त्याची गाठ. तो स्वतः जाऊन नऊ वर्षं झाली होती. ठोकळ्यावर नुसता आकडा होता, पण बायकोला तो पाठ नसेल? बाई कुणाला बोलल्या नाहीत. रोज सकाळी नवऱ्याची एक चकती काढायची आणि कामाला लागायचं. चकतीच्या कडेला एक खाच होती, कानाच्या पाळीसारखी.

मग धाकट्या दिराची गाठ आली. तो बाहेर बाकावर बसला होता.

“वहिनी, जपून कापा हं. एकच आहे माझ्याकडे.”

“गप्प बसा, भावजी. जीभ पाठवली असतीत तर जास्त हौसेनं कापली असती.”

तो हसला. हसणं थेट थोरल्या भावाचं. आत येऊन बाईंनी पात्याला हात घातला, तरी ते हसणं कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दोन्ही गडद आहेत, बाई. साक्षीदारही आणि रोगीही. अख्खं मूत्राशय काढावं लागेल बहुतेक. सर्जनना कळवते.”

“थांबा जरा.” बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. उजव्या तुकड्याला खाच. डाव्यालाही तीच खाच.

कापलेल्या चकत्या कोमट पाण्यावर एकीला एक चिकटून तरंगतात. बाईंनी एकाच माळेतल्या दोन उचलल्या होत्या. दिराचा ठोकळा बर्फावर होता तसाच होता, पातं न लागलेला.

“डावीकडे रोगी नाहीच. दोन्हीकडे साक्षीदार आहे. चूक माझी.”

“पण नुसतं बघून कसं ओळखलंत?”

“माझा नवरा आहे तो.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

नव्यानं कापलं, रंगवलं. खाचेचा तुकडा तपकिरी झाला, दिराचा फिकाच राहिला. बाईंनी बाहेर येऊन त्याला सांगितलं.

“म्हणजे परत येणार नाही ना?”

याच बाकावर, याच आवाजात हाच प्रश्न एकदा आला होता. तेव्हा बाई “छे हो, कशाला येतेय!” म्हणाल्या होत्या.

“शक्यता कमी आहे, एवढंच. दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून तपासून घ्यायचं. सबबी चालणार नाहीत.”

“दादाला पण असंच बजावलं होतंत?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

आत टेबलावर दुसऱ्याच कुणाचा ठोकळा काढून ठेवला होता. “आजपासून हा साक्षीदार,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. बाईंनी जुना खणात ठेवला; त्यात चार-पाच चकत्या उरल्या असतील. नवा पात्याला लावला. पाण्यावर माळ तरंगली, आणि बाई वाकून वाकून तिच्यात खाच शोधत राहिल्या.