रहाट थांबवणारे अप्पा

विश्वनाथअप्पांची आणि माझी ओळख ज्वारीमुळे झाली. माजलगावच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांची आडत. मी कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच आलो होतो. माझे ज्वारीचे पोते मापले जात असताना वरच्या मजल्यावरून सूर येऊ लागले. एकामागून एक चढत, उतरत, न थकता. असे मी कधी ऐकले नव्हते. न विचारताच जिना चढलो.

वर भिंतींना, आवाज घुमू नये म्हणून, पोत्यांचा बारदाना ठोकलेला. कपाळावर भस्माचे पट्टे, कानांवर हेडफोन, समोर सिंथेसायझर आणि संगणक, असे अप्पा बसले होते. त्यांनी एका हाताने तीन पट्ट्या धरून ठेवल्या होत्या. हात हलत नव्हता आणि सूर धावत होते. मी दारातच थिजलो.

"बसा सर," ते म्हणाले. "ज्वारी कुटं पळून जात न्हाई."

याला अर्पेजिओ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. दाबलेले सूर यंत्र पाळीपाळीने वाजवत राहते. अप्पा त्याला रहाट म्हणत. पट्ट्यांवरून बोटे उचलली की रहाट थांबतो. तो संगणकात उतरवायचा, मग पडद्यावर एकेक सूर बारीक पट्टीसारखा दिसतो, तो मागेपुढे सरकवायचा, हे त्यांचे रोजचे काम झाले होते. बाजारात तेव्हा रोज नवे काही येत होते. पण आडत दुकानावर हे येईल असे कोणाच्या मनात नव्हते. मोंढ्यात लोक म्हणत, "आप्पाला लागीर झालंय." सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. मी वाचून सांगू लागलो, ते करून पाहू लागले. आमची मैत्री अशी झाली.

वीज गेली की न साठवलेले सगळे पुसले जाई. अप्पांच्या तोंडून कधी शिवी आली नाही. ते खाली जाऊन तराजूपाशी बसत. वीज आली की पुन्हा पहिल्या सुरापासून. एका शिवभजनाचा रहाट त्यांनी किती वेळा नव्याने उतरवला, ते मी मोजणे सोडून दिले.

मात्र मला सांगायचे आहे ते केशरबाईंविषयी.

केशरबाई शिरूर कासारकडच्या. टोळीबरोबर आमच्या भागात ऊस तोडायला आल्या होत्या. त्यांनी स्वतः जुळवलेले एक गाणे अप्पांनी उसाच्या फडावर ऐकले आणि कॅसेटसाठी त्यांना बोलावले. तोवर अप्पांनी त्या चालीवर रहाट तयार केला होता. महिनाभर खपून. त्यात सूर आधी मिटलेला असे आणि हळूहळू उघडत जाई. त्यांच्या हातून झालेले ते सर्वांत चांगले काम होते. हे मी आजही म्हणेन.

केशरबाई एका दिवसाचा खाडा करून आल्या. खाड्याचा दंड टोळीचा मुकादम कापून घेई. "मालक, कुटं तोंड करून म्हनू?"

"मालक म्हनू नका, आक्का. हितं मालक मशीन हाय. आन् ते लई खडूस हाय."

त्या हसल्या. गाऊ लागल्या. आवाज खणखणीत. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या थांबत आणि रहाट पुढे निघून जाई. पुन्हा घेतले. पुन्हा तेच. कॅसेट काढणारे शेठ बीडहून आले होते. ते चुळबुळू लागले.

"आप्पा, बाई बेताल हाय. चाल ब्येस हाय. चाल ठिवा, बाई बदला. शहरातली पोरगी आनतो."

केशरबाईंचा चेहरा उतरला. "माजं गानं ती कावून म्हनंल?"

अप्पांनी हेडफोन काढला. "आक्का, वळ सरली का तुमी कुनाची वाट बगता?"

"जावंची," त्या म्हणाल्या. "म्या म्हनायचं, तिनं झेलायचं. तिनं झेलल्याबिगर म्या म्होरं कशी जाऊ?"

"मंग त्यांनाबी आना की."

"ती न्हाई आता. मागल्या हंगामात वाढं बांधताना पान लागलं."

वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आणि आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. साप चावला की पान लागले म्हणतात. शेठ खाली पाहू लागले. केशरबाई मात्र शांतपणे उभ्या होत्या, जणू पाऊसपाण्याचे सांगितले.

अप्पा संगणकाकडे वळले. पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी निवडल्या आणि पुसून टाकल्या. पडदा कोरा झाला. दुसरी प्रत नव्हती, हे मला ठाऊक होते. मी ओरडलोच:

"आप्पा, काय केलंत हे?" शेठही उठून उभे राहिले.

"जागा केली," अप्पा म्हणाले. "म्हना आक्का. पायजे तितकं थांबा."

त्यांनी आधी नुसता आवाज घेतला. मग तो ऐकत ऐकत रहाट नव्याने वाजवला. ओळ संपली की बोटे उचलत. केशरबाई पुढे निघाल्या की पुन्हा टेकवत. संध्याकाळी त्यांना स्कूटरवरून कोपीवर, त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, सोडायला अप्पा स्वतः गेले आणि मुकादमाला म्हणाले, "आक्का माज्या कामावर व्हत्या. खाडा लावायचा आसंल तर मला लाव बे."

कॅसेट निघाली. केशरबाईंच्या नावाने, केशरबाईंच्या आवाजात. काही दुकानदारांनी ती परत पाठवली. मधेच आवाज जातो, माल खराब आहे, म्हणाले. शेठ अप्पांवर चिडले. अप्पांनी रिकाम्या जागा भरल्या नाहीत.

हंगाम सरता सरता मी कारखान्याच्या रस्त्याने येत होतो. उसाचा ट्रॅक्टर उभा होता, त्यावर तीच कॅसेट लागली होती. ओळ संपली. रहाट थांबला. आणि मोळ्यांवर बसलेल्या बायांनी ती ओळ झेलली. सगळ्यांनी, एका दमात. पुढची ओळ आली. पुन्हा झेलली. सायकल धरून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

अप्पा आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. बारदाना अजून भिंतीवर आहे. त्यांची बोटे आणि कान असेच शाबूत राहोत, त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांनी सावकाश पुढची ओळ घ्यावी. झेलायला आम्ही आहोत.