दर शनिवारी मरणारा नवरा

तुरुतुरु डॉक्टरनं भिंतीकडचं लाकडी स्टूल ओढून आमच्यासमोर ठेवलं आणि वहिनीच्या हातातली पिशवी गळून पडली. तो अजून एक शब्दही बोलला नव्हता. मी वहिनीकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर आली. माझा दादा आत वॉर्डात होता. सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आला होता, छातीखाली जळजळतंय म्हणून. स्टूल ओढण्यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, हे मला कळलं नाही. वहिनीला कळलं. तो स्टूल ओढायला शिकला, ते तिच्यासमोरच.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे बावळटासारखे बघत राहाल.

वहिनी त्याच दवाखान्यात शिलाईकाम करायची. चादरी, पडदे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, जे जे उसवेल ते तिच्या मशीनखालून जायचं. तिच्या खोलीला लागून औषधांची जुनी कोठी होती. ती झाडूनपुसून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिथे वर्ग सुरू केला. आजूबाजूच्या लहान लहान दवाखान्यांतले डॉक्टर दर शनिवारी तिथे शिकायला यायचे. त्यांच्याकडे हाडांचा वेगळा, मुलांचा वेगळा, बायकांचा वेगळा, अशी चैन नसते. डॉक्टर एकच, आणि त्याच्या दारात अडलेली बाळंतीणही येते, भाजलेलं पोरही येतं आणि उगाच गप्पा मारायला आलेला म्हाताराही येतो. अशांना घराघराचा डॉक्टर करायला बाई निघाल्या होत्या. हाताशी काय, तर एक फळा आणि एक पंखा, जो मान हलवायचा पण वारा द्यायचा नाही.

शिकवायला लागणारे रबरी पुतळे मागवले होते, ते येता येता राहिले. मग बाई शेजारच्या खोलीत आल्या. वहिनीनं त्यांना जुन्या गादीचं पोट शिवून दिलं, त्यातून बाहेर काढायला कापडी बाळ शिवलं, तेही नाळेसकट. टाके घालायचा सराव व्हावा म्हणून स्पंजचे हात केले. बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "पोट दिलंस, हात दिलेस, आता आख्खा पेशंटही तूच हो."

तेव्हापासून तिचं नाव पडलं पेशंटबाई. शनिवारी ती खोकायची, कण्हायची, नको तिथे लाजायची, आणि कुणी प्रेमानं विचारल्याशिवाय खरं दुखणं सांगायची नाही. हे सगळं जमलं. अवघड होता तो मृत्यूची बातमी सांगायचा धडा.

त्यात बाईंचे नियम कडक होते. उभ्या उभ्या सांगायचं नाही, समोर बसायचं. मोबाइल बंद करायचा. सोबत कोण आहे, ते विचारायचं. 'आम्ही खूप प्रयत्न केले' असलं गुळमुळीत बोलायचं नाही, 'वारले' असं स्वच्छ सांगायचं. आणि मग तोंड मिटून थांबायचं, समोरचं माणूस बोलेपर्यंत. आता बसायचं तर खुर्च्या कुठे होत्या! दादा सुतार. त्यानं औषधांच्या खोक्यांच्या फळ्या काढून स्टुलं ठोकून दिली; वर्ग नसला की ती वॉर्डाबाहेर भिंतीशी लावलेली असायची. एकाचा पाय आखूड राहिला, ते बसलं की टक्‌टक्‌ करायचं. "करतो की नीट," असं दादा म्हणत राहिला आणि स्टूल तसंच राहिलं.

या धड्यात नवरा मेलेल्या बाईचं काम वहिनीचं. पण खोट्या नवऱ्यासाठी तिला रडू येईना. मग तिनं सरळ दादालाच मारायला सुरुवात केली. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "अगं, घरात दुसरं कुणी नाही का मारायला?" दादाला मात्र या सगळ्याची भारी गंमत. शनिवारी संध्याकाळी वहिनी घरात पाऊल टाकायचा अवकाश, की हा हातातला रंधा बाजूला ठेवून विचारायचा, "आज कशानं मेलो?"

"ट्रकखाली," वहिनी चपला काढता काढता सांगायची.

"मागच्या वेळी साप होता, ते बरं होतं."

एकदा तिनं त्याला जुलाबानं मारलं, तर हा रुसला. "जुलाबानं? चार लोकांत माझी काही इज्जत आहे की नाही?" मी म्हणायचे, असलं अभद्र बोलू नका रे. त्यावर तो हसायचा. "वेडी आहेस. जो इतक्यांदा मेलाय, त्याला कोण पुन्हा न्यायला येणार?"

वर्गात बातमी ऐकली की वहिनी आधी गप्प व्हायची आणि मग एकच प्रश्न विचारायची, "जेवले होते का ते?" डॉक्टरांची तिथे दांडी गुल व्हायची, कारण पुस्तकात याचं उत्तर नाही. बाईंना हा प्रश्न फार आवडायचा. मला तो नाटकी वाटायचा. नवरा मेल्यावर जेवणाची चौकशी कोण करतं? मी तिला तोंडावर सांगितलंही, की तू जरा जास्तच करतेस.

तुरुतुरु डॉक्टर हा त्या वर्गातला सगळ्यात ढ. स्वभावानं गरीब, पण पायाला भिंगरी, म्हणून हे नाव. पहिल्यांदा त्यानं दारातून फक्त डोकं आत घातलं, "मावशी, सॉरी हं, काका वारले," असं म्हणाला आणि निघालासुद्धा. वहिनी रडायचं सोडून ओरडली, "अरे परत ये! मला अजून विधवा व्हायचंय!" दुसऱ्यांदा तो बसला खरा, पण तिनं 'जेवले होते का' विचारल्यावर म्हणाला, "मावशी, ते मेलेत ना." वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्याच्याकडून त्यांनी तो धडा इतक्यांदा घोटून घेतला, की शेवटी जमला. पुढे त्याची नेमणूक इथेच झाली.

त्या दिवशी सकाळी दादानं वहिनीच्या खोलीच्या खिडकीतून डोकावून सांगितलं म्हणे, "आज मी खरा पेशंट. जळजळतंय जरा. दाखवून येतो." वहिनी म्हणाली, "रात्री तिखट कमी खा म्हटलं तर ऐकलंत का?" आणि तिनं पुन्हा मशीन चालू केलं. थोड्या वेळानं नर्स तिला बोलवायला आली. वहिनीनं मला फोन केला. मी धावत पोहोचले, तोवर वॉर्डाचं दार लावून घेतलं होतं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. आत कुणीतरी पळत होतं, एक ट्रे खाली पडल्याचा आवाज आला, मग काहीच येईना. मी म्हणत होते, जळजळच आहे गं, एक इंजेक्शन देतील नि सोडतील.

आणि मग तो बाहेर आला. हळू चालत आला. हा मुलगा हळू चालू शकतो, हेच मला नवीन होतं. त्यानं स्टूल ओढलं, बसला. टक्‌.

"मावशी, तुमच्यासोबत कोण आहे?"

मी तिथे धडधडीत बसलेले. माझं डोकंच फिरलं. "मी बहीण आहे त्याची! दादा कसा आहे ते बोल आधी."

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि बंद केला. बटण दाबताना त्याचा अंगठा दोनदा घसरला. वहिनी त्या अंगठ्याकडे बघत होती. तिनं अगदी हळू आवाजात म्हटलं, "नको रे."

"मावशी, वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "काका वारले."

आणि गप्प बसला.

सकाळी चालत आलेला माणूस. असं कसं वारेल? मला वाटलं, हा आता काहीतरी पुढे बोलेल, प्रयत्न केले म्हणेल, काहीही म्हणेल, मग मी त्याच्यावर ओरडेन. तो बोललाच नाही. मांडीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. त्याच्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला, की त्याची गचांडी धरावीशी वाटली. मी वहिनीकडे वळले. आता ही रडेल, दर शनिवारी रडते तशी रडेल, मग मलाही रडता येईल. वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती समोर बघत होती आणि तिचे ओठ हलतही नव्हते. तिचा तो प्रश्न येईना.

तो माझ्याच तोंडून बाहेर पडला.

"जेवला होता का तो?"

काय विचारतेय, ते मला विचारून झाल्यावर कळलं. तुरुतुरु डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"नाही, ताई. बिस्किट मागत होते. तपासण्या व्हायच्या होत्या, म्हणून मीच नको म्हटलं."

त्यानं लपवलं नाही, गोडही केलं नाही. माझा दादा उपाशी गेला. मी तोंडात पदर कोंबला.

वहिनीनं खाली वाकून पिशवी उचलली, मांडीवर ठेवली, आणि रोजच्या आवाजात त्याला विचारलं, "आज कशानं मेले?"

हा तर दादाचा शनिवारचा प्रश्न. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो नीट समजावून सांगू लागला. "हृदयविकाराचा झटका होता, मावशी. कधीकधी तो नुसता जळजळल्यासारखाच वाटतो. आम्हाला कळलं तेव्हा उपचार सुरू केले, पण दुसरा झटका मोठा आला." वहिनी एकेका शब्दाला मान डोलावत होती, नीट लक्षात ठेवावं तशी.

"झटका," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. घरी गेल्या गेल्या विचारतील ते."