चित्रांची कोठी जळाली तो दिवस

मी तिला केसांना धरून मागं ओढत होते आणि ती माझ्या मनगटाला चावत होती. कोठीचं दार उघडं होतं, आत काळा धूर भरलेला, आणि दाराजवळची लाकडी पेटी एका बाजूनं पेटली होती. पेटीत तिची चित्रं होती. तिनं उजव्या हातानं पेटीची लोखंडी कडी धरली होती, ती सोडेचना. मांस जळल्याचा वास आला तेव्हा मी तिच्या कमरेत गुडघा घातला आणि तिला उपटली. दोघी वाळूत पडलो. ती परत उठायला बघत होती, म्हणून मी तिच्या पाठीवर बसले. छपराचा पत्रा कोसळेपर्यंत बसून राहिले.

ही कुवेतमधली, अहमदीतली गोष्ट. तेव्हा तिथं आपला रुपयाच चालायचा. माझा नवरा तेल कंपनीच्या मेसमध्ये खानसामा होता. आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. माझी शाळा चौथीपर्यंत. एका गोऱ्या इंजिनियर साहेबाच्या बंगल्यात मी आया म्हणून लागले, पण त्या घरात मूल नव्हतं. सांभाळायची होती ती बाईच. ती आधी मुंबईत राहिलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायची. माझंही हिंदी तसलंच, म्हणून आमचं जमलं.

ती चित्रं काढायची. लग्नाआधी ती युरोपात चित्रकारांच्या एका टोळीत होती. जागेपणी दिसतं ते न काढता स्वप्नात दिसतं ते काढायचं, असा त्यांचा पंथ. पंथ पुरुषांचा. बायका होत्या, पण बैठकीत त्यांनी सुंदर दिसायचं आणि गप्प बसायचं. त्याच बायका घरी जाऊन स्वतःची चित्रं काढायच्या आणि ती भिंतीला टेकून पडून राहायची. एकदा तिनं मला मासिकात छापलेलं एक चित्र दाखवलं.

"ही मी," ती म्हणाली.

चित्रात एक उघडी बाई होती, मानेपर्यंतच.

"डोकं कुठंय मेमसाब?"

"काढणाऱ्याला त्याची गरज लागली नाही," म्हणून ती खोखो हसली. "ह्याच चित्रावर त्याचं नाव झालं."

तिच्या चित्रांतल्या बायकांना डोकी असायची, पण धड नसायची. माझी खोबरं खवायची विळी तिनं एका बाईच्या मानेवर बसवली. माझ्या खजुरीच्या चटईवर कागद ठेवून वरून कोळसा घासायची आणि उमटेल त्यात काहीतरी शोधत बसायची. कधी ओल्या रंगावर काच दाबून उचलायची आणि मला बोलवायची.

"आया, काय दिसतं?"

"मेलेली म्हैस."

"नीट बघ."

"फुगलेली म्हैस."

मग ती खरंच म्हैस काढायची आणि तिच्या पोटाला खिडकी.

रोज सकाळी विचारायची, काल स्वप्न काय पडलं. दमलेल्या माणसाला स्वप्न पडत नाही, असं मी सांगायचे. एकदाच खरं सांगितलं. माझा पहिला मुलगा कुवेतात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात जुलाबांनी गेला होता. स्वप्नात मी त्याला आंघोळ घालत होते, तांब्यातून पाण्याऐवजी वाळू पडत होती आणि तो हसत होता. तिनं ते काढलं. तिचं सगळ्यात मोठं चित्र तेच. मी बघितलं आणि भांडी घासायला गेले.

माझ्या नवऱ्याला हे पसंत नव्हतं. "त्या तसबिरींच्या घरात नमाज पडू नको गो. तिथं फरिश्ते येत नाहीत."

"ह्या उन्हात ते तुझ्या मेसमध्येपण येत नसतील," मी म्हटलं.

साहेब वाईट नव्हता. पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, "माझी बायको मोठमोठ्या चित्रकारांना ओळखायची." ती तिथंच सरबताचे पेले घेऊन उभी असायची. घरात रंगाच्या तेलाचा वास नको म्हणून त्यानं तिला मागची पत्र्याची कोठी दिली होती.

मग त्या टोळीतल्याच एका बाईनं तिला कळवलं, फक्त बायकांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरवतोय, तुझी पाठव. तिच्या चित्राखाली तिचं नाव पहिल्यांदा लागणार होतं. साहेब म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. तिनं त्याला न विचारता बंदरावरच्या सुताराकडून पेटी करून घेतली आणि जहाजही ठरवलं.

शेवटचं चित्र अजून ओलं होतं आणि तोझ सुटला. तोझ म्हणजे तिकडचं धुळीचं वादळ. ओल्या रंगावर ती धूळ बसली की चित्र गेलं. तोझ आला की सगळेच दाराखिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायचे. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी शेजारून बादली आणायला गेले, तेवढाही तिला धीर नव्हता. ब्रश पुसायच्या चिंध्या जवसाच्या तेलानं थबथबलेल्या होत्या. त्यांचे गोळे करून तिनं खिडकीच्या आणि पत्र्याच्या मधे ठासले. तेलाला धूळ चिकटते, आत येत नाही, म्हणाली. मला ते पटलंही.

दुसऱ्या दिवशी तोझ बसला, ऊन पडलं आणि पत्रा तापला. जवसाच्या तेलाची चिंधी दाबून ठेवली की आतल्या आत तापते आणि काडी न लावता पेटते, हे कंपनीच्या आगवाल्यानं नंतर सांगितलं. तिच्या थंड देशात कदाचित काही झालं नसतं. आम्ही स्वयंपाकघरात मासळी साफ करत होतो. धुराचा वास मला आधी आला, पळाली ती आधी.

दवाखान्यात तिची बोटं एकमेकांना चिकटली. डॉक्टरनं ती कापून वेगळी केली, पण मिटेनात. मी पेज घेऊन जायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"मला का धरलंस?"

"तुम्ही मेला असता."

"तुझा मुलगापण आत होता."

"माझा मुलगा कबरस्तानात आहे मेमसाब. आत फळकुट होतं. पेज प्या."

तिनं तोंड मिटून घेतलं. मी चमचा घातला, ती थुंकली. मी परत घातला.

प्रदर्शन तिच्याविना झालं. तिनं डाव्या हातात ब्रश धरलेला मी कधी पाहिला नाही. हिवाळ्यात साहेबाची बदली झाली आणि ती दोघं गेली. त्यानंतर ती काय करत होती, कुठं होती, मला ठाऊक नाही.

मध्यंतरी माझ्या नातीनं अशा चित्रकार बायकांचं एक जाडं पुस्तक आणलं. मी सगळी पानं उलटली. तिचं एकही चित्र नव्हतं. असणार कुठून?

आग लागली तेव्हा साहेब कामावर होता. घरात आम्ही दोघीच होतो. ती वाचली आणि मी वाचले; ती चित्रं कशी होती ते सांगायला आम्ही दोघीच उरलो.